गिरडपर्यंत डबलसीट

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमची रिलीफ कॉलम समुद्रपूरला पोहोचली. साधारण सत्तर जवान, चार बोटी, मुक्काम एका शाळेत. माझी रँक नायक, काम डीआर. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेसवर बोलता येत नाही किंवा बोलायचं नसतं, तेव्हा सीलबंद लिफाफा घेऊन मोटारसायकलवरून जाणारा शिपाई.

माझं गाव पवनार. कॉलमसाठी जवान निवडताना वर्धा जिल्हा माहीत असलेली तीन-चार नावं मुद्दाम घेतली होती. त्यात एक माझं, दुसरं लान्स नायक सुधाकरचं. सुधाकर वायरलेस ऑपरेटर. गिरडपासून चार किलोमीटरवरच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. स्वतःच्या तालुक्यात वर्दी घालून काम करायला मिळालं म्हणून तो पहिल्या दिवसापासून खुशीत होता.

पहिले दोन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. सकाळी साडेपाचला चहा. सहाला बोटी नदीकडे. सात, अकरा आणि चार वाजता मी शाळेतून तहसील कार्यालयात लिफाफा नेत असे आणि उत्तर घेऊन परत येत असे. मोबाइलचे टॉवर बंद होते. वीज नव्हती. बोटींबरोबर व्हीएचएफ वायरलेस सेट होते, पण त्यांची पोच कमी. नदीच्या वळणात एक गाव आहे. तिथे बोट गेली की तिचा आवाज शाळेतल्या कंट्रोलला तुटक यायचा, कधी यायचाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सुभेदार जाधव साहेबांनी मला बोलावलं. साहेब साताऱ्याचे. कमी बोलणारे.

"उद्यापासून गरज पडेल तेव्हा ऑपरेटरला उंच जागी न्यायचंय. तिथून रिले लावायचा, बोटीचं इकडे, इकडचं बोटीला. जीप नाल्यावरून जात नाही. तुझ्या गाडीवर जाईल. डबलसीट येते ना?"

"नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इथं माणसं बायको, दोन पोरं आणि सिलिंडर घेऊन फिरतात."

"हो साहेब. मला येत नाही."

"मग संध्याकाळपर्यंत शिक."

हे खोटं नव्हतं आणि बहाणाही नव्हता. आमच्या युनिटची स्टँडिंग ऑर्डर होती: डीआर कोणालाही मागे बसवणार नाही. मी गाडी शिकलो तीच फौजेत. सहा वर्षं चालवली, डोंगरात आणि वाळूतही, पण एकट्यानं. माझ्या गाडीला मागची सीटच नव्हती. तिथे कॅरियर होतं आणि कॅरियरवर चामड्याची बॅग.

साडेनऊपर्यंत कॅरियर निघालं. गावातल्या मेकॅनिकनं जुनी सीट आणि मागच्याला पाय ठेवायला पायटे बसवून दिले. मागच्या चाकात हवा वाढवली. दहा वाजता आम्ही शाळेच्या मैदानाबाहेरच्या रस्त्यावर आलो. पाऊस थांबला होता.

सुरुवात वाळूनं केली. पंचवीस किलोची दोन पोती सीटवर दोरीनं आवळली. पोत्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. सुटताना क्लच जास्त वेळ अर्धा ठेवावा लागतो. थांबायला अंतर जास्त लागतं. समोरचं चाक हलकं होतं, त्यामुळे हँडल आपलं ऐकतंय असं वाटतं, पण पूर्ण ऐकत नसतं. अर्ध्या तासात हे जमलं.

त्यानंतर माणूस हवा होता. हवालदार केवल राम त्या दिवशी बोटीवरून लवकर परतले होते. ते वळणातल्या गावाकडे जाणाऱ्या बोटीचे कमांडर. हिमाचलचे, उंच, पंचेचाळीशीच्या आसपास. त्यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती आणि हे ते लपवत नसत. 

"बोरी उतार," ते म्हणाले. "बोरी का भाई आया है."

ते मागे बसले. दोन्ही हात मांड्यांवर. मी गाडी सोडली. शाळा, पाण्याची टाकी, नाक्यापर्यंत सरळ, वळण, परत. तीन फेऱ्या. त्यांनी एकदाही अंग हलवलं नाही, काही विचारलं नाही. तिसऱ्या फेरीत ते गुणगुणत होते. उतरल्यावर म्हणाले, "तू तो बोलता था आता नहीं."

माझ्या गाडीवर बसलेली ती पहिली सवारी. सवारी नेणं सोपं आहे, असं मला अकरा वाजता वाटलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सुधाकर मागे बसला. पाठीवर अकरा किलोचा सेट, हातात अँटेना. शंभर मीटरवर डावं वळण होतं. तिथे आम्ही पडलो.

"काऊन बे?" मी म्हटलं.

"मी काय केलं? तूच उशिरा झुकला."

दुसऱ्या वेळी आम्ही वळणाआधीच पडलो. सुधाकरनं लांबून खड्डा पाहिला आणि तो चुकवायला उजवीकडे कलला. मी डावीकडून काढणार होतो. तिसऱ्या वेळी मी थांबायला गेलो, गाडी पुरती थांबायच्या आत त्यानं मदत म्हणून पाय खाली टेकवला, आणि गाडी त्या पायाभोवती फिरली.

सुधाकर चौदाव्या वर्षापासून मोटारसायकल चालवत होता. शेतातून, बंधाऱ्यावरून, कापसाची दोन गाठोडी मागे बांधून. मला फौजेनं जेवढी शिकवली त्यापेक्षा त्याला गाडी जास्त येत होती. अडचण तीच होती. तो मागे बसून गाडी चालवत होता.

"मले मागं बसताच येत नाई, भाऊ," तो शर्टाची बाही झटकत म्हणाला. "मी कधी बसलोच नाई. तू बस मागं, मी चालवतो."

"सेट कोण ऐकेल?"

"तू."

"मले सेट येत नाई."

"मंग झालं."

ही आमची परिस्थिती होती. गाडी माझ्या नावावर इश्यू झालेली, फौजी लायसन्स माझं. सेटचं ट्रेनिंग त्याचं. चालत्या गाडीवरही त्याचा कान हेडसेटवर असायला हवा होता. जाधव साहेबांना विचारायला गेलो असतो तर उत्तर एका शब्दात मिळालं असतं.

बारा वाजता नाक्यावरच्या किराणा दुकानाचे मालक वासुदेवराव त्यांच्या मोटारसायकलवरून आले. मागे त्यांच्या पत्नी मालतीबाई, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर वरणाचं मोठं पातेलं. कॉलम आल्यापासून त्या रोज दुपारी आमच्या लंगरला, म्हणजे फौजी स्वयंपाकघराला, एक पातेलं वरण द्यायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं. रस्ता उखडलेला होता. पातेल्यावर झाकण म्हणून नुसती ताटली होती. त्या उतरल्या, ताटली काढली. कडेवर थेंबही नव्हता.

सुधाकर पातेल्याकडे पाहत राहिला. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं.

"दुकानातून पाहून राह्यली मी सकाळपासून," मालतीबाई म्हणाल्या. "तीनदा पडले तुमी. दुश्मन हाय का कोनी रस्त्यावर?"

"काकू, हा मागून हालतो," मी म्हटलं.

"हा समोरून बोलत नाई," सुधाकर म्हणाला.

वासुदेवराव हसले. "हिले इचारा. तीस वर्सं झाली मागं बसून. तोंड एक मिनिट थांबत नाई, पन आंग इतकंसं हालत नाई."

"तुमी गप राहा," मालतीबाई म्हणाल्या. मग सुधाकरला, "तुमाले गाडी येते ना?"

"येते."

"थेच तर. मले येत नाई म्हनून मी पडत नाई. बसल्यावर पहिले हे डोक्यात घ्याचं का गाडी आपली नाई. पडली तरी त्याची, पोचली तरी त्याची."

त्यांनी सुधाकरला माझ्या मागे बसवलं आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. ज्या बाजूला गाडी वळते त्या बाजूच्या खांद्यावरून पाहायचं, म्हणजे अंग आपोआप तेवढंच कलतं. त्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही. डोळे रस्त्यावर ठेवायचे नाहीत, चालवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचे. पाय तो म्हणेल तेव्हाच काढायचे. "घर आलं तरी नाई. थो म्हनला उतर, का मंग उतराचं."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आन तुमी, भाऊ. तुमच्या मागं लिफाफा नाई आता. मानूस हाय. त्याले समोरचं दिसत नाई तुमच्या पाठीमुळं. खड्डा आला, सांगा. ब्रेक माराच्या पहिले सांगा. नाई सांगलं तर थो स्वतःच पाहाले जाईन, आन हालन."

सहा वर्षांत मी गाडीवर एक शब्द बोललो नव्हतो. एकट्यानं कोणाशी बोलणार? त्या दुपारी मला बोलायला शिकावं लागलं. "खड्डा डावा." "ब्रेक." "चढ." "थांबतोय." आधी हे शब्द तोंडातून उशिरा निघत. खड्डा गेल्यावर मी खड्डा म्हणत असे आणि सुधाकर मागून म्हणे, "गेला ना बे थो, पुढचा सांग."

चार वाजेपर्यंत आम्ही आणखी एकदा पडलो. सहा वाजता शेवटच्या पाच फेऱ्या बिनचूक झाल्या. हवालदार केवल राम शाळेच्या पायरीवर चहा घेत बसले होते. आम्ही समोरून गेलो की ते चहाचा मग वर करत.

सुधाकरनं त्या संध्याकाळी एकच गोष्ट माझ्यावर लादली. समोरचं मडगार्ड काढायचं. इथली काळी माती ओली झाली की मडगार्ड आणि चाक यांच्या मधे भरते आणि चाक जाम होतं. शेतकरी पावसाळ्यात मडगार्ड काढून घरी ठेवतात. फौजी गाडीचा भाग हुकमाशिवाय काढता येत नाही. जाधव साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नीट ठेव. परत बसवायचंय."

चौथ्या दिवशी सकाळी सहाला केवल राम तीन जवानांसह वळणातल्या गावाकडे गेले. तिथे ऐंशीएक माणसं राहिली होती. बोट एका खेपेला आठ माणसं पलीकडच्या तीरावर सोडायची, तिथे आमचं कोणी नव्हतं. जाऊन-येऊन पाऊण तास. दुपारी १२.४० ला त्यांचा तुटक मेसेज आला: निम्मे पोहोचले, काम चालू. त्यानंतर संपर्क नाही.

२.०५ ला तहसीलमधून माणूस आला. वरच्या धरणातून पाणी सोडावं लागलं होतं. वळणातल्या गावापाशी ते चारच्या सुमारास पोहोचेल असा अंदाज. बोटीला हे माहीत नव्हतं. त्यांच्या हिशोबानं शेवटच्या दोन खेपा साडेतीन ते साडेचार यांच्यामध्ये पडत होत्या. म्हणजे पाणी येईल तेव्हा बोट प्रवाहाच्या मधोमध असणार होती.

कंट्रोलनं पाच मिनिटं हाका मारल्या. उत्तर नाही.

२.१० ला जाधव साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. गिरडची टेकडी. वरून नदीचं वळणही दिसतं आणि समुद्रपूरही. तिथे सेट लागला तर दोन्ही बाजूंचं ऐकू येईल.

"किती वेळ?"

"डांबरी रस्ता बंद आहे, साहेब," सुधाकर म्हणाला. "पांदणीनं जाऊ. सव्वा तास."

"साडेतीनला मला तुझा आवाज हवा. मेसेज एकच. खेप बंद, बोट गावाकडेच परत, सगळे मागच्या उंचवट्यावर. जा."

२.१७ ला आम्ही निघालो. सेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुधाकरच्या पाठीवर. पाऊस बारीक.

२.३८ ला पहिला नाला. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, गुडघाभर पाणी वाहत होतं. रपट्याच्या कडा दिसत नव्हत्या. दोन्ही बाजूंना लोखंडी खांब होते, त्यांची फक्त टोकं वर. मी थांबलो. 

"पहिला गियर. मधोमध जातो. पाय काढू नको," मी म्हटलं.

"नाई काढत."

अर्ध्यावर पाण्यानं मागचं चाक हातभर डावीकडे सरकवलं. एकटा असतो तर मी पाय टेकवला असता. मागचा माणूसही गाडी चालवणारा, त्याच्याही पायाला तीच सवय. मी म्हटलं, "सरकतेय. राहू दे." त्याचे गुडघे माझ्या कमरेला घट्ट लागले, पण पाय पायट्यांवरच राहिले. गाडी सरकली, थांबली, पुढे गेली.

२.५५ ला पांदण सुरू झाली. दोन्ही बाजूंना तुरीची आणि कापसाची शेतं, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, त्यांत पाणी. काळी माती टायरला लागली की टायर दुप्पट जाड दिसतो. पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये गाडी दोनदा आडवी व्हायला आली. तिथे सुधाकर माझ्या कानाशी ओरडला.

"दे मले गाडी. हा माझा रस्ता हाय. लहानपनापासून चालवतो अथी."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर चाक रुतलं असतं.

"रस्ता तू सांग. गाडी मी चालवतो."

तो म्हणाला, "डावी चाकोरी धर. मधल्या गवतावर नको जाऊ, खाली पोकळ हाय. ते बाभळीचं झाड येईन, तिथून उजवी."

तिथून पुढचे सहा किलोमीटर असेच गेले. तो रस्ता सांगत होता, मी चाक सांगत होतो. "घसरतेय." "घसरू दे, थ्रॉटल नको सोडू." "दगड." "दिसला." त्याचं वजन मागच्या चाकावर होतं आणि चिखलात त्या वजनामुळेच चाकाला पकड मिळत होती. एकट्यानं ती पांदण मी पार केली असती की नाही, मला शंका आहे. मडगार्ड असतं तर नक्कीच नाही.

३.२४ ला टेकडीचा पायथा. चढावर समोरचं चाक उचलायला लागलं. मी "चढ" म्हटलं आणि मागचं वजन पुढे आलं, माझ्या पाठीला लागून. ३.३१ ला आम्ही वर होतो. टेकडीवरच्या दर्ग्याच्या आवाराबाहेर एक मोकळा कातळ आहे. मी म्हटलं, "थांबलो. उतर." तेव्हा तो उतरला. मी त्याच्या पाठीवरचा सेट सोडवला. दर्ग्यातून दोन माणसं बाहेर आली. त्यांनी न विचारता एक ताडपत्री आणून सेटवर धरली आणि आम्ही असेपर्यंत धरून ठेवली.

अँटेना उभी राहिली. लॉगबुक मी हातात घेतलं, कारण सुधाकरचे दोन्ही हात सेटवर होते. पुढच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत, तो सांगेल तशा.

३.३५: "कंट्रोल, रिले बोल रहा हूँ. ओव्हर." कंट्रोलचं उत्तर लगेच आलं.

३.३६: "ब्राव्हो, ब्राव्हो, रिले. ओव्हर." ब्राव्हो म्हणजे केवल राम यांची बोट. उत्तर नाही.

३.३७: पुन्हा. खरखर.

३.३८: "रिले, ब्राव्हो. साफ़ सुनाई दे रहा है. कहाँ से बोल रहा है भाई? ओव्हर."

सुधाकरनं मेसेज दिला. खेप बंद. बोट गावाकडे. सगळे मागच्या उंचवट्यावर. पाणी चार वाजता. त्यानं तो दोनदा दिला.

३.३९: "ब्राव्हो, रॉजर. बोट पानी में है, आठ आदमी. वापस मोड़ रहा हूँ. आउट."

वरून नदीचं वळण दिसत होतं. पावसात बोट दिसत नव्हती. बारा मिनिटं काहीच नाही. ताडपत्री धरणाऱ्यांपैकी म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "पोचले का ते?" सुधाकर म्हणाला, "जाऊन राह्यले, चाचा."

३.५१: "रिले, ब्राव्हो. बोट किनारे लगी. सब ऊपर चढ़ रहे हैं. ओव्हर."

सुधाकरनं कंट्रोलला कळवलं. कंट्रोलनं विचारलं: एकूण किती. हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो. सुधाकरनं पुढे विचारला.

३.५२: "टोटल बाईस. ओव्हर."

कंट्रोल: "सिव्हिल कितने, फौजी कितने, कन्फर्म करो."

सुधाकरनं तेही विचारलं. बोटीतला सेट बांधलेला होता. बोलायचं तर बोटीपाशी उभं राहून बोलावं लागत होतं.

३.५४: "सिव्हिल अठारह. फौजी चार, मेरे को मिला के. टोटल बाईस. सेट खोल के ऊपर जा रहा हूँ. आउट."

३.५५ ला कंट्रोलला आकडा दिला. कंट्रोल: "शाबाश, रिले." सुधाकरनं हेडसेट एका कानावरून सरकवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसला. 

नदीचा रंग बदलला ते आम्हाला वरून दिसलं. त्या वेळी घड्याळात ३.५७ झाले होते. पाणी अंदाजापेक्षा तीन मिनिटं आधी आलं.

४.०० ला ठरलेली हाक. ब्राव्होचं उत्तर नाही. याला कारण होतं. सेट सोडवला होता, वर नेऊन पुन्हा लावायला वेळ लागतो. ४.१० ला उत्तर नाही. ४.३० ला नाही. साडेसहापर्यंत सुधाकरनं दर दहा मिनिटांनी हाक मारली आणि मी दर वेळी लिहिलं: उत्तर नाही.

टेकडी उतरताना तो मागे बसला. खड्डे मी सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.४० ला दुसरी बोट गावाला लागली. उंचवट्यावर अठरा गावकरी आणि तीन जवान. सगळे ठीक. त्यांनी सांगितलं तसं: हवालदार साहेबांनी सर्वांना वर पाठवलं, शेवटच्या म्हातारीला स्वतः उचलून चढावाच्या पहिल्या पायरीपर्यंत आणलं, मग सेट घ्यायला मागे फिरले. ते बोटीत वाकून बोलत होते. मग पट्टे सोडले, सेट पाठीवर घेतला. किनारा आणि चढ यांच्या मधे साधारण चाळीस पावलं होती.

दोन दिवसांनी ते सापडले, चार किलोमीटर खाली. सेट पाठीवर होता. छातीवरचा पट्टा लावलेला होता.

मालतीबाई त्या दुपारी पातेलं घेऊन आल्या तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात केवल राम यांना ठेवलेलं होतं, तिरंग्याखाली. त्यांनी पातेलं लंगरवाल्याच्या हातात दिलं, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. वासुदेवरावांनी गाडी बंद केली नव्हती. ती थोडा वेळ तशीच चालू राहिली.

चार वाजता गार्ड ऑफ ऑनर झाला. पाच वाजता गाडी नागपूरकडे निघाली. तिथून विमानानं आणि पुढे रस्त्यानं ते त्यांच्या गावी गेले. मागे पत्नी, दोन मुली, वडील.

चौकशी झाली. ती नियमाप्रमाणे होते. माझा आणि सुधाकरचा जबाब झाला. विचारलं गेलं की दुसऱ्यांदा आकडा मागण्याची गरज होती का. सुधाकरनं सांगितलं की कंट्रोलनं मागितला म्हणून त्यानं पुढे मागितला. कंट्रोलच्या ऑपरेटरनं सांगितलं की सिव्हिल आणि फौजी वेगळे मोजण्याचा हुकूम आहे. दोघांचंही बरोबर होतं. ड्रिल तशीच आहे, आजही तशीच आहे, आणि तशीच असायला हवी. कोणावरही ठपका आला नाही. मी जबाबात वेळा लिहून दिल्या: ३.५२ आणि ३.५४. 

त्यानंतर मी नऊ वर्षं नोकरी केली. डीआरला सवारी नेण्याचं ट्रेनिंग आमच्या युनिटमध्ये पुढच्याच वर्षी सुरू झालं आणि काही काळ ते माझ्याकडे होतं. आधी पोती, मग गाडी न येणारा माणूस, मग गाडी येणारा. हा क्रम मी बदलू दिला नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचला मी हवालदार केवल राम यांचं नाव सांगत असे आणि ते माझ्या मागे कसे बसले होते तेही. आता मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहतो. सुधाकर गावी शेती करतो. वळणातल्या गावानं त्या उंचवट्यावर सिमेंटचा ओटा बांधला आहे. त्यावर फोटो नाही. फोटो गावकऱ्यांकडे नव्हता, आणि आमच्याकडे होता तो केवल राम यांच्या घरी पाठवला. ओट्यावर नाव आणि रँक आहे.

कॉलम परतायच्या आदल्या दिवशी जाधव साहेबांनी सगळे कागद तपासायला घेतले. फायनल रिपोर्टमध्ये उंचवट्यावरून आणलेल्यांचा आकडा एकवीस होता. रिलेच्या लॉगबुकमध्ये बावीस. दोन कागद जुळत नाहीत तर ऑफिस परत पाठवतं. साहेबांनी आम्हाला बोलावून लॉगबुक टेबलावर ठेवलं, पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे दुरुस्ती करून सही करायची का.

सुधाकर सावधान उभा होता.

"नाई, साहेब," तो म्हणाला. "मोजनी त्यायनं केली व्हती. स्वतःले धरून. मी नाई खोडत."

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि वरच्या कव्हरवर सही केली.